स्वागत आणि हप्ता

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांचे समारंभपूर्वक स्वागत होते. लाखो उमेदवारांतून निवडलेली ही काही शे मुले बुद्धिमान असतात, याविषयी वाद नाही. परंतु दोन वर्षांचे शुल्क आज २० लाख रुपयांहून अधिक आहे. अनेकांचा प्रवेश बँकेच्या कर्जावरच होतो.

१९६१ साली ही संस्था केंद्र व गुजरात सरकार आणि उद्योगपती यांच्या सहकार्याने उभी राहिली. तिच्या पायाभरणीत जनतेचा पैसा आहे. २००४ साली केंद्राने वार्षिक शुल्क दीड लाखांवरून ३० हजारांवर आणण्याचा आदेश काढला, तेव्हा स्वायत्ततेच्या नावाने गहजब झाला. सत्तांतरानंतर तो मागे घेण्यात आला. २०१७ च्या कायद्याने शुल्क ठरविण्याचा अधिकार नियामक मंडळाकडेच सोपविला.

शिष्यवृत्त्या आहेत, हे खरे. पण कर्जाचे ओझे वाहणारा पदवीधर सहकारी संस्थेची वा सार्वजनिक उद्योगाची नोकरी पत्करील कशी? हप्ता ठरतो, तेथेच त्याची वाटही ठरते. स्वायत्तता अवश्य असावी. मात्र शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नाशी निगडित असावे आणि लोकसेवेकडे वळणाऱ्याचे कर्ज संस्थेने फेडावे. जनतेच्या संस्थेकडून जनतेने एवढी अपेक्षा ठेवणे गैर नव्हे.