तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये न दिलेलं उत्तर

गेल्या आठवड्यात पहिली पाळी सुटली आणि चाकणहून निघालेली आमची बस नेहमीप्रमाणे तळवड्याच्या चौकात अडकली. वीस मिनिटं जागची हलेना. बसमध्ये विषय निघाला मराठीचा. कोण अस्सल मराठी, कोण बाहेरचा, वगैरे. तेवढ्यात एकाने मागच्या सीटवरच्या आमच्या सहकाऱ्याला विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग घरी काय, इंग्लिश बोलता का?"

हा गडी नगर जिल्ह्यातला. आजोबाही तिथलेच. त्याची मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. तो म्हणाला, "मराठीच बोलतो की." त्यावर लगेच दुसरा म्हणाला, "पण तुमच्या पाद्री लोकांनी मराठीला दिलं काय? धर्मांतर सोडून?" चार लोक हसले. त्याने कानात इअरफोन घातले. मी मोबाईलमध्ये बघत बसलो. उत्तर माहीत होतं, तरी बोललो नाही. ते इथे लिहितोय.

बस जिथे अडकली होती तिथून देहू जवळच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे नेलं ते देहूच्या तुकोबांनी. हे माझं म्हणणं नाही, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते स्वतःच सांगायचे. 1861 साली कोकणातल्या करजगावात ब्राह्मण घरात जन्म. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन माणसाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. पत्नी लक्ष्मीबाई लगेच बरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं ताटातूट झाली, माणसं तुटली. ते सगळं लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय. नवऱ्याच्या विक्षिप्तपणासकट, हसत हसत. नसेल वाचलं तर आधी ते वाचा, माझी पोस्ट नंतर वाचली तरी चालेल.

टिळक पुढे नगरला पाळक झाले. (आपण सरसकट 'पाद्री' म्हणतो. मराठी प्रोटेस्टंट मंडळी 'पाळक' म्हणतात, कॅथलिक 'फादर' म्हणतात.) त्यांनी चर्चमध्ये अभंग आणले, कीर्तन आणलं. परदेशी चालींची भाषांतरित गाणी म्हणणाऱ्या लोकांना त्यांनी आपल्या मातीतली भजनं दिली. 1907 ला जळगावात कविसंमेलन भरवलं. शाळेत आपण ज्यांच्या कविता पाठ केल्या त्या बालकवींना याच टिळकांनी नगरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. धर्मांतराचे आकडे मोजणारा माणूस असं करेल का?

आता कुणी म्हणेल, गोव्यात काय केलं ते विसरलात का? नाही विसरलो. 1560 पासून तिथे इन्क्विझिशन होतं, 1684 ला पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. ते क्रूरच होतं, त्याला दुसरा शब्द नाही. पण त्याच गोव्यात 1579 मध्ये आलेला फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज आपली भाषा शिकला आणि 1616 मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून आलं. जवळपास अकरा हजार ओव्या! त्यात मराठीची थोरवी गायलीय, तीही ज्ञानोबांच्या ओवीची वाट धरून. हेतू धर्माचाच होता, नाकारत नाही. पण ज्या सत्तेच्या सावलीत तो राहिला, तिला पुढे जी भाषा नकोशी झाली, तिच्यात तो लिहून गेला. मला या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्याशा वाटतात. एक सांगून दुसरी लपवायची, हा प्रकार दोन्हीकडून चालतो.

जुनं सोडा. 2016 ला 89 वं साहित्य संमेलन आपल्या पिंपरीत झालं, आपल्यापैकी कितीतरी जण गेले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, उस्मानाबादला 93 व्या संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नाव जाहीर झाल्यावर विरोध झाला, धमकीचे फोन गेले. कारण काय, तर फादर आहेत! 'सुवार्ता' मासिक कित्येक वर्षं चालवणारा, अख्खं बायबल सोप्या मराठीत आणणारा माणूस मराठीच्या मांडवात परका ठरला. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही ते गेले आणि बोलले.

आपल्या पट्ट्यातल्या लोकांनी तर त्यांची दुसरी बाजू जास्त लक्षात ठेवायला हवी. वसईची हिरवळ बिल्डरांना मोकळी होतेय, विहिरींचं पाणी टँकर उपसून नेतायत, गुंडांची दहशत आहे, अशा काळात या माणसाने 'हरित वसई'साठी लोकांना रस्त्यावर उतरवलं. त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना बघतो तेव्हा मला वसई आठवते. आपल्याकडे एवढी देवळं, मशिदी, चर्च. त्यातलं कोण नदीसाठी रस्त्यावर आलंय, तुम्हीच सांगा.

25 जुलै 2024 ला दिब्रिटो गेले. त्या दिवशीही आमच्या बसमध्ये कुणी त्यांचं नाव काढलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

सहकाऱ्याला काल ही पोस्ट आधी दाखवली. वाचून म्हणाला, "आमच्या आजीला टिळकांची भजनं तोंडपाठ होती. पहाटे चूल पेटवताना म्हणायची." मग जरा थांबून म्हणाला, "टाक पोस्ट. पण माझं नाव नको लिहू."

म्हणून नाव लिहिलेलं नाही.