नांगर आपला आणि दर्यावर्दींचा

'नांगर' म्हटले की मोहोळ तालुक्यात काळी जमीन आणि बैलजोडी डोळ्यांसमोर उभी राहते. कोकणातील तांडेलाला मात्र त्याच शब्दाने होडी जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा आठवेल. शब्द एकच, पण आपल्याला त्याचा अर्धाच अर्थ ठाऊक!

व्यासपीठावरून आपण समुद्राचे शब्द सढळ हाताने वापरतो. प्रत्येक संस्थेचे 'सुकाणू' कोणाच्या तरी हाती असतेच. परंतु सुकाणू म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला, पाण्यात उभी असलेली, दिशा बदलणारी फळी, हे किती वक्त्यांना माहीत असते? होडीचे पुढचे टोक ती नाळ. मध्ये उभी ती डोलकाठी. तिच्यावर आडवे बांधतात ते परभाण आणि त्याला शीड. वारा समोरून आला तर शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. नागमोडी वळणे घेत ती पुढे सरकते.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे गुणांसाठी पाठ केले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. पण पहाटे मतलईवर शीड उभारून दर्यात जायचे व दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी परतायचे, हा त्या शब्दांमागचा संसार आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही.

कोणी म्हणेल, समुद्र कुठे, आपण कुठे! पण भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि आपल्याच जिल्ह्यात अफाट पाणी पसरले. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी मार्गावरील होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. शब्द पाठ असते तर ते वाचले असते, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. परंतु जेथे माणसे पाण्यावरून ये-जा करतात, तेथे वारा कसा फिरतो, होडीत वजन कसे वाटावे, काठ केव्हा सोडू नये, हे पेरणीच्या ज्ञानाइतकेच घरोघरी हवे.

म्हणून सुचवावेसे वाटते, की मराठी व भूगोल विभागांनी मिळून कोकणातील एखाद्या अनुभवी तांडेलास व्याख्यानासाठी बोलवावे. त्याच्याकडे पदवी नसेल. पण आपल्याच भाषेचा उरलेला अर्धा अर्थ त्याच्यापाशी आहे.

— द्वितीय वर्ष, कला