पोळपाटावरचा ऑफसाइड



मागच्या महिन्यात मी कैरीच्या लोणच्यावर लिहिलं. ते वाचून एका बहिणीनं विचारलं, "आपा, लोणची, वाकळ आणि गच्चीवरच्या कुंड्या सोडून तुम्हाला आणखी काही नाद आहे की नाही?"

आहे. आजवर या पानावर मुद्दामच सांगितला नव्हता. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढणारा, आणि नाद फुटबॉलचा. आता हसून घ्या. माझी सून अजून हसते.

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा, चपला आणि कुस्ती एवढंच आठवतं. कुस्तीचं खरंच आहे. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं 1912 सालचं खासबाग मैदान आजही उभं आहे. पण आमच्या पेठांमध्ये येऊन बघा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. यातले बरेचसे संघ तालमींतून आणि मंडळांतून उभे राहिलेले. ज्या तालमीत मारुतीची तसबीर, तिथंच मोहरमात पंजे बसतात, असं कित्येक ठिकाणी दिसतं, आणि त्याच तालमीची पोरं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात. वर्ल्डकप आला की गल्ल्यांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात आणि सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. मी कोणत्या संघाची, ते मात्र लिहिणार नाही. निम्मे वाचक रुसतील, आणि दूधवालासुद्धा दुसऱ्या संघाचा आहे.

माझं माहेर मिरजेचं. 1979 साली लग्न होऊन इथं आले, तेव्हा चेंडू पायानं मारतात एवढंच ठाऊक होतं. मुलांचे अब्बा (अल्लाह त्यांची मगफिरत करो) राधानगरीकडच्या खेड्यातले. शाळेसाठी ते दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहिले. शाहू महाराजांनी 1906 साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी जी संस्था उभी केली, तिचं हे बोर्डिंग. तिथून ते बाहेर पडले ते मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि फुटबॉलचा नाद घेऊन. सर्टिफिकेटावर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, आणि नादापायी पगारातले दोन पैसे तिकिटाला जाऊ लागले.

नव्या नवरीला मॅचचा निकाल घरबसल्या कळायचा. संघ जिंकला की जिन्यावरूनच आवाज यायचा, हातात पेढ्यांचा पुडा असायचा. हरला की चपला हळूच काढल्या जायच्या, आणि रश्शात मीठ जास्त आहे म्हणून मला ऐकून घ्यावं लागायचं. शेवटी एकदा मी म्हटलं, "मला ऐकून घ्यायचंच असेल, तर निदान भांडण कशाचं ते तरी समजू दे."

त्या रात्री त्यांनी मला ऑफसाइड शिकवला. पोळपाट म्हणजे मैदान. त्याच्या कडेला आडवं ठेवलेलं लाटणं म्हणजे गोलची रेष. मिठाची बरणी गोलकीपर. लसणाच्या पाकळ्या आपली माणसं, सुक्या मिरच्या समोरच्यांची. "हे बघ," ते म्हणाले, "आपला लसूण मागून चेंडू देतो. देण्याच्या त्या क्षणाला पुढच्या लसणात आणि लाटण्यात समोरच्यांचे निदान दोन गडी पाहिजेत. बरणी धरून दोन. नुसती बरणीच मध्ये असेल, तर ऑफसाइड."

"आणि आपला लसूण चेंडूच्या मागं असेल तर?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मग काही नाही. वर्कशॉपमध्ये हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही."

ती शाबासकी मी आजतागायत जपून ठेवली आहे. त्यानंतर स्वयंपाक करताना माझा लसूण कधी ऑफसाइडला गेला नाही.

मात्र स्टेडियमवर मी कधी गेले नाही. त्या काळी आमच्याकडच्या बायका जात नसत आणि मला ते विचित्रही वाटलं नाही. ते आणि मुलगा जायचे. मी आणि मुलगी घरी. संध्याकाळी चहाबरोबर अख्खी मॅच ऐकायची, तीही दोघांच्या तोंडून दोन वेगवेगळ्या.

2015 साली ते गेले. इद्दतीचे दिवस संपले. हिवाळ्यात पेठेत पुन्हा मॅचचे बोर्ड लागले, आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी जिन्याकडं कान लावून बसले आहे. त्या दिवशी नातवाला म्हटलं, "तुझ्या मोबाइलवर मॅच दिसते म्हणे. दाखव." तेव्हापासून आमची जोडी जमली. मी वाकळ शिवत बसते, तो मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवतो. जुन्या साड्या, ओढण्या, त्यांच्या दोन लुंग्या असे थर अंथरून कडेकडेनं आत टाके घालत यायचं. संघ पुढं असला की टाके सरळ येतात. माझी कुठली वाकळ कोणत्या मॅचची, हे मी उलटी करून सांगू शकते.

2022 च्या वर्ल्डकपला तर घरात ईदच होती. 6 डिसेंबरला मोरोक्को आणि स्पेनची मॅच. इशाची नमाज उरकून आम्ही बसलो. गोल नाहीच, शेवटी पेनल्टी. त्यांचा गोलकीपर यासीन बूनू, त्यानं दोन अडवल्या, एक खांबाला लागली, आणि हकीमीनं शेवटची इतकी अलगद टाकली, जशी आपण तेलात भजी सोडतो. चार दिवसांनी त्यांनी पोर्तुगाललाही 1-0 नं हरवलं आणि वर्ल्डकपच्या सेमीफायनलला पोचणारा आफ्रिकेतला पहिला देश ठरला. पण गोलपेक्षा मला आठवते ती बूफालची आई. साधी, डोक्याला स्कार्फ बांधलेली बाई. मॅच संपल्यावर मुलगा तिला मैदानात घेऊन आला आणि दोघं हात धरून नाचली. मी रडले. सूनही रडली, आणि तिला तर लसूण-मिरचीतला फरकही ठाऊक नव्हता.

आमच्या शेजारी तेव्हा दहा वर्षांची नात बसली होती. तिनं काय बघितलं, ते मला तीन वर्षांनी कळलं.

यंदा तिच्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ झाला. ही आठवीत. मधल्या सुट्टीत मुलांत खेळायची, तिथं मॅडमनी हेरलं आणि नाव घातलं. घरी येऊन तिनं सांगितलं आणि घरात शांतता पसरली. माझा मुलगा वाईट नाही. मॅच असली की दुकान लवकर बंद करणारा तो. पण म्हणाला, "आता मोठी झाली. मैदानात पळणार, लोक बघणार, चार जण चार गोष्टी बोलणार. नको." नात उठून आत गेली. सून माझ्याकडं बघायला लागली. मी वाकळीकडं.

बहिणींनो, मी तिथं लगेच बोलले असते, तर हा लेख इथंच संपला असता आणि मी मोठी शहाणी ठरले असते. पण मी गप्प बसले, कारण हे वाक्य माझ्याच तोंडचं होतं.

1996 साली माझी मुलगी आठवीत होती. शाळेत पळण्याच्या शर्यतीत पहिली आली. पुढची शर्यत सांगलीला, एक रात्र मुक्काम. मुलांचे अब्बा म्हणाले, "जाऊ दे, बाई शिक्षिका बरोबर आहेत." मी म्हटलं, "आता मोठी झाली. नको." तेच शब्द. माझा मुलगा तेव्हा दारात उभा होता. पोरं आपली नसीहत विसरतात, पण असलं काही बरोबर ध्यानात ठेवतात.

त्या रात्री मी मुलीला रत्नागिरीला फोन लावला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुला माझा राग आला होता का गं?"

ती हसली. "अम्मी, किती जुनी गोष्ट. मला तर आठवतही नाही."

मग जरा थांबून म्हणाली, "माझा नंबर 41 होता. बाईंनी कापडावर शिवून दिला होता. अजून ट्रंकेत असेल बघ."

फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही.

सकाळी फजरनंतर मुलगा चहा पीत होता, तेव्हा मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "हजरत आयशा (रजि.) आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शर्यतीची गोष्ट तुला मीच सांगितली होती ना?" ती गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. प्रवासात दोघं पळाले, आयशा (रजि.) जिंकल्या. पुढं त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि हसून म्हणाले की त्या वेळची फेड झाली. आणि ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचा खेळ करत होते, तो प्रेषितांच्या (स.) आडोशाला उभं राहून आयशा (रजि.) यांनी मन भरेपर्यंत पाहिला.

मुलगा म्हणाला, "अम्मी, तो काळ वेगळा होता. हे शाळेचं मैदान आहे."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "म्हणून मी हुकूम करत नाही. तुला कशाची काळजी वाटते, ते एकेक सांग."

त्यानं सांगितलं आणि आम्ही एकेक सोडवलं. कपडे? पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, खाली लेगिंग्ज, डोक्याला घट्ट बसणारा स्कार्फ. तो म्हणाला, खेळात चालतो का? नातवानं मोबाइल काढला. फिफानं 2014 मध्येच स्कार्फला परवानगी दिली आहे. 2023 च्या महिला वर्ल्डकपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली, आणि कोरियाविरुद्धची ती मॅच त्यांनी जिंकलीसुद्धा. शिकवणार कोण? मॅडम. असरची नमाज? सरावाच्या आधी नाहीतर नंतर, घर जवळच आहे. अभ्यास? मार्क घसरले, तर महिनाभर बंद, हे नातीनं आतून ओरडून कबूल केलं. म्हणजे ती दाराआड उभी होती.

शेवटी तो म्हणाला, "आणि सोबत कोण जाणार? मला दुकान आहे."

आता गंमत बघा. ज्या बाईनं सेहेचाळीस वर्षांत स्टेडियमची पायरी चढली नाही, ती म्हणाली, "मी."

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस मी रिक्षानं मैदानावर जाते. सोबत प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली, गुडघ्याचं तेल आणि वाकळीचा तुकडा. आधी बाकीच्या आया माझ्यापासून लांब बसायच्या. एकीनं विचारलं, "आजी, तुम्हाला हे काय चाललंय ते कळतं का?" मी पिशवीतून डब्याचं झाकण आणि शेंगदाणे काढले. आता त्यातल्या चौघींना ऑफसाइड कळतो. एक तर तिच्या नवऱ्याला शिकवते म्हणे, आणि तो रागावतो.

गेल्या महिन्यात पहिली मॅच झाली. मुलगा दुकान बंद करून आला, पण लांब, झाडाखाली उभा राहिला. आमच्या पोरी 4-0 नं हरल्या. नात डिफेन्सला होती, दोन वेळा पडली, गुडघा सोलला, उठून पळाली. एकदा समोरची मुलगी सरळ ऑफसाइडला उभी असताना रेफ्रीनं शिट्टी वाजवली नाही, आणि माझ्या तोंडून असं काही निघालं, जे या मासिकात छापता येणार नाही. सगळं मैदान वळून बघायला लागलं. झाडाखाली मुलगा दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होता, अगदी त्याच्या अब्बांसारखा. परतताना रिक्षात तो नातीला म्हणाला, "दुसऱ्या गोलला तू मागं राहिलीस. उद्या सकाळी मी दाखवतो." तेवढंच.

मॅच चालू असताना मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला होता. "पाच मिनिटं बघते, गॅसवर भात आहे," म्हणाली. शेवटची शिट्टी होईपर्यंत ती हलली नाही. संध्याकाळी तिचा मेसेज आला: भात करपला, जावई पाव खाऊन झोपले, पुढची मॅच कधी?

परवा माळ्यावरची ट्रंक उघडली. नंबर सापडला, कापड पिवळं पडलंय, पण शिवण शाबूत आहे. सध्या जी वाकळ शिवते आहे, तिच्या मधोमध तो लावायचा विचार आहे. ही वाकळ कोणाला द्यायची, यावरून मात्र मुलगी आणि नात फोनवर भांडताहेत. ते मिटलं की पुढच्या महिन्यात कळवते, इन्शाअल्लाह.