बियाणे बदलले, फवारणी परतली

बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. तेव्हापासून ‘सरकीचे तेल खावे की नाही?’ ही शंका शिरूर-दौंड भागातील ज्येष्ठांच्या मनात आहे. बोंडअळीला मारक असलेले प्रथिन शुद्ध केलेल्या तेलात जवळजवळ उरत नाही. तेव्हा भीतीपेक्षा तेलाचे माप आवरणे हितावह.

अनपेक्षित परिणाम घडला तो शेतात. गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला सरावली. रसशोषक किडींवर तर त्याचा उपयोग नव्हताच. कमी होईल असे वाटलेली फवारणी परतली. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले.

आपल्याकडे ऊस आणि कांदा अधिक. परंतु फवारणीचा पंप येथेही पाठीवर असतोच. शेतातून परतलेल्या माणसाकडे घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष प्रथम जाते. म्हणून ही लक्षणे ध्यानी ठेवावीत: दरदरून घाम, तोंडाला लाळ, मळमळ, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे, धाप लागणे.

अशा वेळी कपडे तत्काळ उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी मुद्दाम करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली वेष्टनासह सोबत न्यावी. उपचाराची दिशा त्यावरून लवकर ठरते. फवारणीचे कपडे नातवंडांच्या कपड्यांत कधीही मिसळू नयेत.

बियाण्यांचा वाद तज्ज्ञ सोडवतील. उंबरठ्यावरची ही दक्षता मात्र आपल्याच हाती आहे.