उसाला निघण्याआधी आभा क्रमांक काढून घ्या

ऊसतोड कामगार बंधू-भगिनींनो,

दसरा झाला की टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतील, त्या परततील गुढीपाडव्याच्या सुमारास. एवढ्या महिन्यांत दवाखान्याचे कागद कोपीत टिकत नाहीत, पावसाने भिजतात नाहीतर हरवतात. मग फडाजवळच्या दवाखान्यात आठवा महिना लागलेल्या बाईला डॉक्टर विचारतात, "रक्त किती होतं?" ती सांगते, "कमी हाय म्हणले होते." तेवढ्यावर डॉक्टरांनी काय ठरवायचं? पुन्हा तपासण्या, पुन्हा खर्च, वर खाडा.

म्हणून कळकळीची विनंती, निघण्याआधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात भेटून 14 आकडी आभा क्रमांक, म्हणजे दवाखान्याचे रिपोर्ट ज्याला जोडून ठेवता येतात तो आरोग्य खात्याचा क्रमांक, काढून घ्या. आधार कार्ड पुरतं, पैसे लागत नाहीत. पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, ते असलं म्हणजे हे झालं असं धरू नका. केस पेपर काढताना आभा क्रमांक सांगा आणि रिपोर्ट त्याला जोडायला लावा. तुमच्या संमतीशिवाय ते दुसऱ्या दवाखान्याला दिसत नाहीत.

आभा काढताना ओटीपी फोनवर येतो, तेव्हा मुकादमाचा नंबर देऊ नका. बायांनी तर स्वतःचाच द्यावा. आपलं दुखणं टोळीत कळायचं काही कारण नाही. बीडमध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचे जे प्रकार झाले, त्यांवरून 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आभामुळे सोनोग्राफीचा रिपोर्ट आपल्या फोनवर असला, तर "पिशवी काढा" म्हटल्याबरोबर हो म्हणावं लागत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना तो दाखवून विचारता येतं. माझ्या मते आभाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर निक्षय क्रमांक जवळ ठेवा आणि जाण्याचं गाव आरोग्य केंद्रात सांगा. उपचार तिकडच्या केंद्राकडे वर्ग होतो, गोळ्या तिथेच मिळतात. मधेच खंड पडला, तर याच गोळ्या पुढे लागू पडेनाशा होऊ शकतात.

कारखाना परिसरातल्या डॉक्टरांनो, तुम्हीही आपली चिठ्ठी आणि रिपोर्ट आभाला जोडा. तुम्ही सुरू केलेलं रक्तदाबाचं औषध पाडव्यानंतर गावचे डॉक्टर पुढे चालवणार आहेत, त्यांना डोस कळायला हवा.

फडावर रेंज नसते, त्यामुळे कागदही प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर असू द्या. आणि आशाताईंना घटस्थापनेच्या आत भेटा. एकदा निघायची गडबड सुरू झाली की हे काम राहून जातं.