गृहव्यवस्था : धुराड्याची निगा

चुलीला धुराडे बसविले म्हणजे गृहिणी धुराच्या जाचातून कायमची सुटली, असे आपण सहज मानतो. ही समजूत पुरती खरी नाही. उज्ज्वला योजनेमुळे २०१६ पासून कोट्यवधी घरांत गॅस पोचला. तरी अंघोळीचे पाणी व भाकरी यांसाठी पुष्कळ घरी चूल अजून पेटते. म्हणून धुराड्याकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

बिनधुराच्या चुलीचा विचार आपल्या देशात जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेली ‘मगन चूल’ गेल्या शतकाच्या मध्यास अनेकांच्या परिचयाची होती. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही हाती घेतला. तथापि चूल बसविणे निराळे आणि ती राखणे निराळे. ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांची पाहणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की सुधारित चुलीमुळे पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर घटला. पुढे मात्र हा लाभ टिकला नाही. चुलीचा नियमित वापर व तिची निगा, दोन्ही मागे पडली होती.

असे का व्हावे? तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते व धूर आपल्याबरोबर नेते. नळात काजळी साचली, की ही ओढ मंदावते. दहा सेंटीमीटर व्यासाच्या नळात चोहोबाजूंनी एकच सेंटीमीटर काजळी बसली, तरी धुराची वाट एक-तृतीयांशाहून अधिक आकसते. मग धूर चुलीच्या तोंडातून घरात परततो व डोळे, छाती आणि जवळ खेळणारी मुले यांना बाधतो.

निगेचा क्रम सोपा आहे. रोज सकाळी चूल पेटविण्यापूर्वी निवलेली राख काढावी. दर पंधरवड्यास, ओले सरपण वा शेण्या जाळीत असल्यास दर आठवड्यास, धुराडे झाडावे. चूल पूर्ण थंड झाल्यावर नाकातोंडास फडके बांधावे, लांब काठीच्या टोकास गोणपाटाचा बोळा घट्ट बांधून तो नळातून वरखाली फिरवावा आणि तळाशी पडलेली काजळी काढून टाकावी. चूल व वैल यांमधील वाटही मोकळी करावी. जुना नळ ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा असल्यास तो तारेच्या ब्रशाने खरडू नये. ओलसर फडक्याचा बोळा वापरावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. चुलीच्या भेगा माती व शेणाच्या काल्याने लिंपाव्यात. वैलावर भांडे नसेल तेव्हा तो झाकून ठेवावा.

चूल पेटल्यावर तिच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला, तर धुराडे ठीक आहे. बाहेर आला, तर वाट कोठेतरी अडली आहे असे समजावे. धुराडे चांगले असले, तरी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी आणि धुमसते निखारे ठेवून बंद खोलीत कोणी निजू नये. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नसतो व वासही नसतो.

छपरावर चढावे लागत असेल, तर शिडी धरण्यास दुसरे माणूस हवे. किंबहुना हे काम घरातील पुरुषांनीच आपल्याकडे घ्यावे. त्या चुलीवरची भाकरी सर्वांच्याच पानात पडते. मग तिची काजळी झाडण्याचे काम एकट्या गृहिणीवर का असावे?