वाट कुणाची, दाम कुणाचे?



रविवारी पहाटे ठाण्यात उपवन तळ्याच्या काठी उभे राहिले, की एक वेगळीच दिंडी पाहायला मिळते. डोक्याला हेल्मेट, पाठीला पाण्याची पिशवी आणि खाली जाड दात्यांच्या टायरची सायकल. ही मंडळी येऊरचा चढ चढतात, खाली येतात, घाम पुसतात, चहा पितात आणि घरी जातात. कल्याण-डोंबिवलीची मंडळी मलंगगडाच्या पायथ्याला नाहीतर बदलापूरच्या पुढे बारवीच्या जंगलाकडे वळतात. हौस आणखी वाढली, की कसाऱ्याचा घाट ओलांडून इगतपुरी आणि तिथून नाशिकच्या द्राक्षमळ्यांपर्यंत मजल जाते.

कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीसाठी छापलेल्या अंकात सायकलीचे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. या सायकलींपैकी साठ हजारांची सायकल काही फार उंची समजली जात नाही. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे त्या एका सायकलीत सात क्विंटलांहून जास्त कापूस बसला, आणि हा हमीभाव पदरात पडला तरचा हिशेब. एवढा पैसा चाकावर घेऊन माणूस ज्या वाटेवरून जातो, त्या वाटेच्या मालकाच्या हाती काय पडते? चहाचे दहा-वीस रुपये.

हा खेळ जुना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टमालपाईस नावाचा डोंगर आहे. नापा आणि सोनोमा ही दारूच्या द्राक्षांची प्रसिद्ध खोरी त्याच्यापासून दूर नाहीत. 1970 नंतरच्या वर्षांत तिथली पोरे जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन जंगलातल्या वणवा विझवण्याच्या रस्त्यांवरून खाली सुटत. 1976 मध्ये त्यांनी शर्यती लावल्या. 1977 मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकलीचा सांगाडा बनवला. 1996 मध्ये हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला. वीस वर्षांत पोरांच्या टवाळखोरीचा धंदा झाला. त्याच डोंगरावर पायी फिरणारे आणि सायकलवाले यांची भांडणेही तेव्हाच लागली आणि अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली. वाट एक आणि वापरणारे दोन झाले, की हक्काचा प्रश्न येतोच. आपल्या पांदणीवरून हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता ही वाट म्हणजे काय ते नीट पाहू. शहरातल्या माणसाला वाटते, की जंगलातली वाट आपोआप असते. आपोआप काही नसते. डोंगराच्या नाकाडावरून सरळ खाली उतरणारी वाट दोन पावसाळ्यांत ओघळ होते आणि चौथ्या पावसाळ्यात नाला. टिकणारी वाट डोंगराला आडवी, समपातळीच्या जवळपास काढावी लागते. जगभर वाटा बांधणारे एक साधा नियम पाळतात : वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर शंभर हातांत वीस हात उतरत असेल, तर वाट दहा हातांपेक्षा जास्त उतरू नये. वाटेचा पृष्ठ दरीच्या अंगाला किंचित कललेला हवा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता वाट ओलांडून जाते. आणि ठरावीक अंतराने उतरती वाट थोडी चढती करावी लागते, म्हणजे साचून आलेले पाणी तिथे बाहेर पडते. बांधाला सांडवा ठेवतो तीच अक्कल. हत्यारे कोणती? कुदळ, फावडे, घमेले. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर ज्यांनी समपातळी बांध घातले, त्यांना हे काम परदेशी तज्ज्ञाने समजावण्याची गरज नाही. गावोगाव हे हात आहेत.

काळ्या रानात मात्र हे जमत नाही. पाऊस पडला की कपाशीची माती चाकाला अशी बिलगते, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हा खेळ मुरमाड, निचऱ्याच्या उतारांचा आहे. म्हणजे ज्या जमिनीला सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणतात, ज्या माळावर ज्वारीचे बियाणेही परत येत नाही, तीच जमीन या बाजारात मोलाची. अजिंठ्याची रांग, सातमाळा, बालाघाट, गाविलगड हे सारे डोंगर आपल्याच उशाला आहेत. ठाण्याचा डोंगर भरला, की ही दिंडी आज ना उद्या इकडे वळेल. म्हणून ठाण्याचा आणि नाशिकचा धडा आजच वाचून ठेवायचा.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे जंगल, त्यात बिबट्या आहे आणि वारली आदी आदिवासींचे पाडेही आहेत : पाटोणपाडा, जांभूळपाडा, रोणाचा पाडा. सायकलवाल्यांच्या कितीतरी आधी येऊरमध्ये बंगले आले, हॉटेले आली, खेळाची दिव्यांची मैदाने आली. बेकायदा बांधकामांचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. पाडे महापालिकेच्या हद्दीत, तेव्हा ग्रामपंचायत नाही. जंगल राष्ट्रीय उद्यानाचे, तेव्हा फाटक वनखात्याचे. पाड्यावरच्या माणसाच्या वाट्याला उरते ते बंगल्याची राखण, हॉटेलातली भांडी आणि रस्त्याकडेला रानमेव्याची पाटी. सायकलवाला यात दोषी नाही. तो धूर करीत नाही, गोंगाट करीत नाही, बहुतेक वेळा नियमाने वागतो. दोष व्यवस्थेचा. ज्याची वाट त्याला भाव ठरवता येत नाही.

जवळच्या शहापूर तालुक्यात हेच पाण्याचे झाले आहे. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी गेले ते गेले. आता डोंगराची हवा आणि वाटही त्याच रस्त्याने जाणार का, एवढाच प्रश्न आहे.

नाशिकची गोष्ट थोडी निराळी आहे. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, दारूच्या द्राक्षांचे करार झाले, वेली लागल्या. 2008-09 च्या मंदीत उठाव थांबला आणि अनेकांनी त्याच वेली स्वतःच्या हाताने उपटल्या. पण 1999 मध्ये उभ्या राहिलेल्या सुलासारख्या वायनरीने बागेचे फाटक पाहुण्यांना उघडले. त्या पाहुण्यांपासून येणारे उत्पन्न ती कंपनी आज आपल्या हिशेबात वेगळे दाखवते. यात लबाडी काही नाही, धंद्याची हुशारी आहे. पण शिकण्यासारखे एवढेच, की द्राक्ष पिकवणाऱ्याला किलोचा भाव मिळाला आणि फाटकाच्या मालकाला डोंगराचा, तळ्याचा, संध्याकाळच्या उन्हाचा भाव मिळाला.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर डर्बी नावाचे गाव आहे. कथिलाची खाण बंद पडली आणि गाव ओस पडले. 2015 मध्ये जंगलातून सायकलींच्या वाटा काढल्या, तेव्हा जगभरचे लोक येऊ लागले आणि गाव पुन्हा जागे झाले. घरांच्या किमतीही चढल्या. ज्याने घर राखले होते तो तरला, ज्याने आधीच विकले होते तो बघत राहिला.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, वाट कागदावर आणायची. विदर्भातल्या गावांना निस्तार पत्रक माहीत आहे. शिवेवरची वाट, जंगलात जायची वाट त्यात आहे का ते तलाठ्याकडे जाऊन पाहा. दुसरी गोष्ट, जंगल लागून असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर तो मिळवला आणि 2011 मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक पास स्वतः लिहायला घेतले. बांबूचे जमते, तर वाटेचेही ग्रामसभेने ठरवायचे : किती सायकली, कोणत्या महिन्यांत, कोणत्या दराने. हे तातडीचे आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर वनखात्याच्या कार्य आयोजनेत बसवलेल्या निसर्गपर्यटनाच्या सोयी वनेतर वापर समजल्या जात नाहीत. म्हणजे खात्याला वाटा काढणे सोपे झाले. गावाचा हक्क आधी नोंदलेला नसेल, तर फाटक खात्याचे आणि ठेका तिसऱ्याचाच होईल. तिसरी गोष्ट, खाजगी माळ असेल तर तो विकायचा नाही. राज्याचे 2020 चे कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने नोंदणी करू देते.

आणि एक सावधगिरी. सायकलींनी कोरडवाहू शेती तरेल, असे सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. हा धंदा रविवारचा, सुगीनंतरच्या चार-पाच महिन्यांचा. पावसाळ्यात वाट बंदच ठेवायला हवी, नाहीतर ओली वाट चाकांनी फाटते. पडून कुणाचा हात मोडला, तर त्याला खाली कसे आणायचे आणि खर्च कुणी करायचा, हे आधी ठरले पाहिजे. जनावराच्या पाणवठ्यावरून आणि रात्री वाट चालू द्यायचीच नाही. कापसाला आणि ज्वारीला भाव मागायचे काम यातल्या कशानेही संपत नाही.

पण भाव म्हणजे फक्त क्विंटलचा भाव नव्हे. ज्याच्या घामाने वाट निघते आणि टिकते, त्याने त्या वाटेचे दाम ठरवावे, हे तत्त्व पिकाइतकेच खरे आहे. येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शिवारातल्या वाटांची यादी आणावी. कोणती नोंदलेली, कोणती मोडलेली, कोणती कुणी अडवलेली. सायकली येतील किंवा न येतील, त्या यादीतली निम्मी भांडणे तरी बैठकीतच मिटतील. बैलगाडीला वाट मिळाली, तरी बैठक वाया गेली असे कुणी म्हणणार नाही.